हौदावरची सावली

मे महिन्याच्या सुटीत विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला सावलीचा प्रश्न कधी पडला नाही. पाठीला वाळका भोपळा नाही तर रिकामा डबा बांधायचा, मागून कुणीतरी ढकलायचे, नाकातोंडात पाणी जायचे आणि आठवडाभरात पोरगे हातपाय मारू लागायचे. ऊन वर काठावर राहायचे. पाणी जमिनीखाली वीस-तीस फुटांवर, भोवती दगडी बांधकाम आणि काठावर बहुधा एखादा उंबर. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर तर ११० फूट खोल आहे. १७१९ ते १७२४ या काळात बांधलेल्या या विहिरीच्या पोटात छोटा महालच आहे. अशा ठिकाणी सावली मुद्दाम करावी लागत नाही. खोलीच ती पुरवते.

आता पाणी अंगणाच्या पातळीवर आले आहे. कर्जत, अलिबाग, लोणावळा, मुळशी, इगतपुरी, उत्तर गोवा, कुठेही बंगला भाड्याने घ्यायचा तर पहिला प्रश्न ‘स्विमिंग पूल आहे का?’ हाच असतो. पूल असतो. निळ्या टाइल्स, काठाला गुळगुळीत ग्रॅनाइट, पाण्यात रात्रीचे दिवे, सगळे असते. सावली तेवढी नसते. मेमधल्या दुपारी अकरा ते चार या वेळात, म्हणजे पाण्यात उतरावेसे सर्वांत जास्त वाटते तेव्हा, काठ इतका तापलेला असतो की अनवाणी माणूस खोलीपासून पाण्यापर्यंत उड्या मारत जातो. मग मालक एक मोठी छत्री आणतो. पहिल्या वळवाच्या वाऱ्यात ती उलटी होऊन पाण्यात पडते, आणि विषय पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बाजूला पडतो.

यात छत्रीपेक्षा मोठी चूक असते ती दिशेची. बागेतल्या छपरांची, पर्गोलांची, पडद्यांची जी चित्रे पाहून लोक कारागिराला ‘असेच करून दे’ म्हणतात, ती बहुतेक स्पेन, कॅलिफोर्निया नाही तर फ्रान्समधली असतात. तिथला सूर्य उन्हाळ्यातही दुपारी दक्षिणेकडे कललेला असतो. आपल्याकडचा तसा नसतो.

१३-१४ मेच्या सुमारास पुण्यात आणि त्यानंतर दोन दिवसांनी मुंबईत, दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य नेमका डोक्यावर येतो. उभी बादली ठेवली तर तिची सावली तिच्याच बुडाखाली जाते. हाच तो शून्य सावली दिवस. शाळांत आणि विज्ञानप्रेमी मंडळांत मुले गच्चीवर काठ्या उभ्या करून तो बघतात. कोल्हापुरात तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, नागपुरात शेवटच्या. या दिवसापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य चक्क थोडा उत्तरेकडे असतो. पूलच्या दक्षिणेला ३ मीटर उंच भिंत बांधली, तर पुण्यात २१ डिसेंबरच्या दुपारी तिची सावली जवळजवळ पावणेतीन मीटर लांब पडते, आणि तेव्हा ती कुणालाच नको असते. मेच्या मध्याला तीच भिंत भर दुपारी इंचभरही सावली देत नाही.

मात्र दुपार कलली की गणित फिरते. मेच्या मध्याला पुण्यात सूर्य दुपारी चारला क्षितिजापासून साधारण ४१ अंशांवर असतो, पाचला २७ अंशांवर, आणि दोन्ही वेळा जवळपास नेमका पश्चिमेला. म्हणजे पश्चिम काठावर ३ मीटर उंचीचा पडदा, जाळी किंवा झाडांची रांग असेल तर चारला साडेतीन मीटर आणि पाचला सुमारे सहा मीटर रुंद पट्टा सावलीत येतो. घरांच्या पूलची रुंदी बहुधा चार मीटरच्या घरात असते. चहाच्या वेळेला अख्खा हौद झाकला गेला, तोही पाण्यावर एक खांब न रोवता.

म्हणून सावलीचे दोन वेगळे भाग धरावे लागतात. अकरा ते दोनची सावली वरूनच यायला हवी, तीननंतरची पश्चिमेकडून आली तर पुरते. एकाच वस्तूकडून दोन्ही कामे करून घ्यायला गेले की खर्च वाढतो आणि सावली शेजाऱ्याच्या अंगणात पडते.

पर्गोलाच्या पट्ट्यांचीही तीच गोष्ट. समजा, छपराला १० सेंटिमीटर उंचीच्या उभ्या पट्ट्या १० सेंटिमीटर अंतराने बसवल्या. त्या पूर्व-पश्चिम लांब ठेवल्या, तर मेमध्ये सूर्य जवळजवळ त्यांच्या रांगेतूनच चालतो. फटीत शिरलेले ऊन दिवसभर फटीतच राहते. दुपारी चारला १० सेंटिमीटरच्या फटीतला जेमतेम २ सेंटिमीटरचा भाग झाकला जातो. त्याच पट्ट्या उत्तर-दक्षिण लावल्या तर चारला एकेका पट्टीची सावली शेजारच्या पट्टीच्याही पुढे जाते आणि फट पूर्ण बंद होते. युरोपातल्या घराला पूर्व-पश्चिम पट्ट्या शोभतात, कारण तिथे दक्षिणेचे ऊन अडवायचे असते. आपल्याकडे त्या डिसेंबरचे हवेसे ऊन अडवतात आणि मेचे नकोसे आत सोडतात. लोखंड तेवढेच, वेल्डरची मजुरीही तेवढीच, फक्त नकाशावर दिशा बघायची राहिलेली असते. अर्थात उत्तर-दक्षिण पट्ट्यांनाही ऐन दुपार झेपत नाही. दीड वाजता त्या फटीचा पाव भागच झाकतात. तेवढ्या वेळासाठी वर बांबूची चटई किंवा सरकते कापड हवेच.

कागदावर आकडेमोड नको असेल तर एक जुना उपाय आहे. एका रविवारी सकाळी पूलच्या काठावर ३ मीटरचा बांबू बादलीभर वाळूत उभा करायचा आणि दर तासाला सावलीच्या टोकावर खडूने खूण करायची. संध्याकाळी त्या खुणांची रांग पाहिली की छप्पर कुठे हवे, हे कॅटलॉगपेक्षा नीट कळते. मेमध्ये ही रांग जवळपास सरळ पूर्व-पश्चिम जाते. तीच खटपट डिसेंबरमध्ये केली तर रांग उत्तरेकडे सरकलेली आणि वाकलेली दिसते.

आता कापडाकडे. बाजारात सर्वांत सोपी मिळते ती हिरवी शेडनेट. रोपवाटिकेवर, ढोबळी मिरचीवर, इमारतीच्या परांचीवर तीच असते. ३५, ५०, ७५, ९० असे तिचे टक्के सांगतात. हे टक्के उजेड किती अडतो याचे आहेत, अतिनील किरणांचे नव्हेत. ५० टक्क्यांची जाळी रोपाला मानवते, कारण रोपाला निम्मे ऊन हवेच असते. तिच्याखाली बसलेल्या माणसाला सावलीत बसल्यासारखे वाटते आणि संध्याकाळी खांदे लाल झालेले दिसतात. माणसांसाठी ९० टक्क्यांच्या आसपासचे, जाड विणीचे कापड घ्यावे. हिरव्या रंगाबद्दल तर बोलायलाच नको. त्याच्याखाली सगळ्यांचे चेहरे आजारी दिसतात आणि कांदाभजी शिळी. मातकट, पांढरट किंवा राखाडी रंग बरे. काळे कापड दिसायला जड वाटते, पण त्यातल्या काजळीमुळे ते उन्हात सर्वांत जास्त टिकते.

अशाच पॉलिथिलीनच्या विणलेल्या कापडाचे तिकोनी किंवा चौकोनी शीड तीन-चार खांबांना ताणून बांधणे, याला सगळीकडे ‘शेड सेल’ म्हणतात. कल्पना जुनीच. रोमच्या कलोसियममध्ये प्रेक्षकांच्या डोक्यावर कापडी छत ओढत, आणि ते हाताळायला आरमारातले खलाशी नेमलेले असत. दोर, गाठी आणि वारा यांची जाण त्यांनाच. आजच्या रूपात हे शीड ऑस्ट्रेलियात घरोघरी पोचले. त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांपैकी तो एक आहे. १९८१ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या कर्करोग संस्थेने एका कार्टून सीगल पक्ष्याच्या तोंडून सदरा चढवा, मलम लावा, टोपी घाला, असा प्रचार सुरू केला. पुढे त्यात गॉगल आणि ‘सावली शोधा’ यांची भर पडली. मेलबर्न-सिडनीतल्या मराठी घरांतली मुले शाळेत टोपीशिवाय मैदानावर जात नाहीत आणि शिडाखाली खेळतात. सुटीत आजोळी आल्यावर मात्र तीच मुले भर दुपारी उघड्या पूलमध्ये उतरतात.

शीड नीट ताणले तर टिकते, सैल राहिले तर वर्षभरात फाटते. चारही कोपरे एका उंचीला बांधले की ते पलंगावरच्या चादरीसारखे मधोमध झुकते आणि वाऱ्यात फडफडते. समोरासमोरचे दोन कोपरे उंच आणि उरलेले दोन खाली ठेवले, की कापडाला खोगिरासारखा पीळ बसतो, मग ते दोन दिशांनी ताणले जाते आणि वारा त्याला हलवू शकत नाही. कडा सरळ कापायच्या नाहीत, आतल्या बाजूला वळवायच्या. सरळ कड ताणल्यावर ढिली पडते. कोपऱ्यात स्टीलची कडी, तिला टर्नबकल, म्हणजे दोन्ही बाजूंनी आटे असलेला स्क्रू. तो पान्याने फिरवला की कापड इंचाइंचाने ताणले जाते, आणि बोटाने टिचकी मारल्यावर ढोलासारखा आवाज यायला लागला की थांबायचे. पूलजवळच्या हवेत क्लोरीन असते आणि समुद्राकाठी मीठ, म्हणून ही सगळी सामग्री ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची घ्यावी. शिवणीकडेही बघावे. कापड दहा वर्षे टिकते म्हणून विकतात आणि साध्या धाग्याची शिवण तीन वर्षांत उसवते.

खरी परीक्षा वाऱ्याची असते. वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर धरलेला आहे. ३९ मीटर म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्या वेगाचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे ९० किलोचा दाब टाकतो. २० चौरस मीटरच्या शिडावर तो पावणेदोन टनांच्या पुढे जातो. एवढी ओढ जाळीच्या कुंपणाचे पाइप किंवा बंगल्याचा छज्जा कशी सोसणार? म्हणून खांब जाड, पाया खोल आणि खांबांचा कल ओढीच्या उलट दिशेला थोडा बाहेर. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी इथेच द्यावी. गवंडी ‘साहेब, काही होत नाही’ म्हणतो तेव्हा तो गेल्या वर्षीच्या वाऱ्याबद्दल बोलत असतो.

ताडपत्री किंवा पीव्हीसीचे कापड लावणाऱ्याने पाण्याचाही विचार करावा. ४ मीटर बाय ४ मीटरच्या छतावर एक सेंटिमीटर पाणी साचले तर ते १६० किलो होते. त्याने कापड झुकते, झुकल्यावर आणखी साचते. वळवाच्या अर्ध्या तासात मधला फुगा पोत्यासारखा लोंबू लागतो. विणीच्या कापडातून पाणी झिरपते, म्हणून ते या बाबतीत बरे. त्याच्यातून हवाही जाते. बंद कापडाखाली गरम हवा कोंडते आणि सावलीत असूनही माणूस घामाघूम होतो.

हे सगळे वाचून झाल्यावर कोकणातला मांडव आठवतो. पाऊस सरला, खळे चोपून-सारवून झाले, की पोफळीचे नाही तर बांबूचे खांब रोवायचे, वर आडवे बांबू आणि त्यांवर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप, सुंभाने बांधलेले. खाली भात, सुपारी, आमसुले, पापड, लग्न, गप्पा. झापांतून हवा जाते, उजेड ठिपक्याठिपक्यांनी येतो, आणि मृगाआधी सगळे उतरवून जुने झाप बंबात. या मांडवात ऋतूप्रमाणे येण्या-जाण्याची सोय आहे, तीच महागड्या छपरांत नसते. काही बंगल्यांनी पूलच्या कडेला हाच मांडव घातला आहे, आणि तो शोभतोही. फक्त तो थेट पाण्यावर नको. सुकलेल्या पात्यांचा भुसा आणि त्यातले किडे पाण्यात पडत राहतात. बार्बेक्यूची शेगडी तर त्याच्या आसपासही नको.

झाडांबद्दल लोक फार हळवे असतात. पूलशेजारी वड, पिंपळ, उंबर कधीच नको, कारण त्यांच्या मुळांना पाण्याचा वास लागतो आणि काँक्रीट त्यांना अडवू शकत नाही. गुलमोहराची पाने इतकी बारीक की गाळणीतून सुटतात, शिवाय फांद्या ठिसूळ. जांभळाखालचा काठ जूनपर्यंत जांभळा असतो. सिंगापूर चेरी दोन-तीन वर्षांत डेरेदार सावली देते म्हणून सगळे लावतात, पण मग रात्री वटवाघळे येतात आणि सकाळी काठ धुवावा लागतो. नारळाची झाडे फोटोत छान. प्रत्यक्षात सावली बशीएवढी, आणि खाली आरामखुर्चीत पडलेल्या माणसाच्या डोक्यावर नारळ. बॉटल पाम तर नुसताच दिखाऊ.

या कामाला देवचाफा चांगला. तो हिवाळ्यात पाने गाळतो, तेव्हा ऊन हवेच असते. उन्हाळ्यात पाने येतात. मुळे आटोपशीर, पाने मोठी असल्याने जाळीने उचलता येतात. चीक मात्र अंगाला लागू देऊ नये. सावकाश वाढणारी बकुळ दाट असते, पण थोडी लांबच लावावी. पश्चिमेच्या पडद्यासाठी उभ्या अशोकाची रांग स्वस्तात काम करते. वेल चढवायचा असेल तर मधुमालती किंवा परदा वेल. बोगनवेलीचे काटे अनवाणी पायांना आणि हवेच्या गाद्यांना, दोन्हींना वाईट.

सावली नेमकी कशावर हवी, हेही ठरवावे लागते. अख्खा हौद झाकण्याची गरज क्वचितच असते. उथळ टोक आणि पायऱ्या झाकाव्यात. लहान मुले तिथेच तासन्‌तास बसतात, आणि पाण्यात असल्याने ऊन लागत नाही असे त्यांना वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पाण्याखाली अर्ध्या मीटरवरही वरच्या अतिनील किरणांपैकी सुमारे ४० टक्के पोचतात. त्याखेरीज उघड्या आभाळातून विखुरलेली किरणे छत्रीखालीही बाजूने येतात, म्हणून छोट्या छत्रीची सावली डोळ्यांना दिसते तेवढी खरी नसते. मोठे छप्पर आणि एका बाजूचा पडदा मिळून ती खरी होते. पट्ट्यापट्ट्यांची सावली मात्र पाण्यावर पाडू नये. उजेड-अंधाराच्या रेघांमध्ये तळाशी गेलेले मूल पटकन दिसत नाही.

सावलीचा पाण्यालाही फायदा होतो. क्लोरीन उन्हात टिकत नाही. त्याला धरून ठेवणारे सायन्युरिक आम्ल पाण्यात नसेल, तर भर उन्हात दोन तासांत बहुतेक मोकळा क्लोरीन उडून जातो. सावलीत तो जास्त वेळ राहतो. बाष्पीभवनही कमी होते. ८ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद हौदाची पातळी एक सेंटिमीटर उतरली की ३२० लिटर पाणी गेलेले असते. मेमध्ये टँकर मागवणाऱ्या गावात हा आकडा बोलून दाखवायला संकोच वाटावा इतका मोठा आहे. लोणावळा-महाबळेश्वरच्या बाजूला मात्र कायमची सावली हा तोटा ठरतो. डिसेंबरमध्ये तिथले पाणी आधीच हाडे गोठवणारे असते, आणि दिवसाचे चार तास ऊन पडले तरच कुणी उतरायचे नाव घेतो.

त्यामुळे काढता येणारे कापड बरे. किनाऱ्यावर तर ते काढावेच लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. रायगड-रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि घरांवरचे पत्रे उडाले. पुढच्याच वर्षी मेच्या मध्याला तौक्ते आले. म्हणजे मेचा तिसरा आठवडा उजाडला की हवामान खात्याच्या बातम्यांकडे एक कान ठेवून शिडे उतरवायची तयारी करायची.

उतरवण्याचे काम तासाभराचे. आधी टर्नबकल सैल करायचे, एकाच बाजूचे नाही, आळीपाळीने चारही. कापड गोड्या पाण्याने धुऊन, दोन दिवस वाळवून घडी करायची. ओले ठेवले तर जूनमध्येच बुरशी धरते. उंदरांना पॉलिथिलीनचे वावडे नाही, म्हणून पत्र्याची पेटी. खांबांच्या कड्यांना ग्रीस आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधायची. आणि घडी घालण्याआधी प्रत्येक कोपऱ्यावर पक्क्या शाईने आकडा घालायचा, तोच आकडा त्या-त्या खांबावर. चार कोपरे दिसायला सारखे असले तरी मापाने सारखे नसतात, आणि दिवाळीनंतर ते पुन्हा चढवायला येणारा माणूस बहुधा दुसराच असतो.